जिथं कुणी ‘आटप’ म्हणत नाही

ओ पाहुणे! काय म्हणालात बाईंना? ‘आटप’? हां, तोच. तो शब्द या टाक्यापाशी काढायचा नाही. दुसरं काय हवं ते बोला. भांडायचं असलं तर भांडा, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करा, पाण्याला त्याचं काही वाटत नाही. पण ‘आटप’ नको, ‘उरक’ नको, ‘चल की लवकर’ तर नकोच नको. गाडी थांबलीय म्हणता? थांबू द्या. तुमचा डायव्हर लिंबाखाली घोरतोय, मी आत्ताच बघून आलो.

बसा त्या कट्ट्यावर. टेकडीच्या पोटात हे जे खोदलेलं दिसतंय ते काळखडीचं टाकं. राखण आमच्या घराकडे आहे, आजोबाच्या आजोबापासून. तोंड एवढं अरुंद की वाकल्याशिवाय आत बघता येत नाही, आणि आत बघा, मशिदीएवढी जागा. डावीकडे दगड रचून आडोसा केलाय ती न्हाणी. वर ही बोर. हिची बोरं पोरं खातात, खाऊ देत, पण पाला तोडायचा तो फक्त मय्यतीच्या, म्हणजे मेल्या माणसाला न्हाऊ घालायच्या पाण्यासाठी. टाक्याच्या तळाला मधोमध दगडात एक खळगा आहे. त्यात तीन तांबे पाणी राहतं. सगळं टाकं आटलं तरी ते तीन तांबे आटत नाहीत. आता असं वाका, आत तोंड घाला आणि... नको, आत्ता नको. आधी ऐका, मग आत बोला.

ही गोष्ट कधीची ते विचारू नका. बादशाही होती की आणखी कुणाचं राज्य, अल्लाला ठाऊक. मास्तर लोक आले की पहिल्यांदा साल विचारतात, म्हणून त्यांना मी सांगतच नाही. एवढं खरं की तेव्हा गावात मणेरांची पाच-सहा घरं होती, आणि त्यात लाडले मणेराचं नाव होतं. लाखेच्या बांगड्या करायचा. तयार बांगडी हातात सरकवायची, ते बाकीच्यांचं काम. हा लाख ऊन करून बाईच्या मनगटावरच सांधायचा, आणि चटका म्हणून बसू द्यायचा नाही. त्याची बायको दौलतबी. तिला मात्र गाव बांगड्यांसाठी ओळखत नव्हतं. ती बायकांच्या मय्यतीला गुसल द्यायची.

बाई, तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. गुसल म्हणजे नुसती आंघोळ नव्हे. आंघोळीनं मळ जातो, गुसलनं माणूस पाक होतो. आधी मनात नियत धरायची, हात धुवायचे, नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात तसा वजू करायचा, तोंडात-नाकात पाणी घ्यायचं, आणि मग सगळ्या अंगावरून पाणी सोडायचं. सगळ्या म्हणजे सगळ्या. केसाएवढी जागा कोरडी राहिली तरी ते झालं नाही. म्हणून नखात कणीक वाळली असेल तर आधी काढायची, अंगाला मेण चिकटलं असेल तर खरवडायचं, अंगठी घट्ट असेल तर फिरवायची. जिवंत माणूस आपलं आपण बघतो. मेलेल्याला ते दुसऱ्याच्या हातून करून घ्यावं लागतं. बोरीच्या पाल्याचं पाणी, आणि शेवटच्या पाण्यात कापूर. त्या माणसाला नंतर उठून ‘माझा खांदा राहिला’ असं सांगता येत नाही. तेव्हा ज्याच्या हातून ते होतं त्याच्यावर केवढी जोखीम, बघा.

दौलतबीचा हात मोठा शांत होता म्हणे. पाण्याचा थेंब इकडचा तिकडे नाही. आणि तिची एक सवय होती. शेवटचा तांब्या रिता झाला की ती तो जमिनीवर उपडा घालायची आणि मोठ्यांदा म्हणायची, “झालं!” मय्यतीला गुसल देताना म्हणायची, स्वतः न्हाल्यावर म्हणायची, आणि लेकीला न्हाऊ घालतानाही म्हणायची. लेक एकच, जैबुन्निसा. गाव तिला जैबू म्हणे. ही जैबू पहिल्यापासूनच चुळबुळी. डोक्यावर एक, उजव्या अंगावर एक, डाव्या अंगावर एक, असे तीन तांबे झाले की पोरगी सुरू व्हायची, “अम्मा, कानामागं राहिलं. अम्मा, पाठीवर राहिलं. अजून एक घाल!” दौलतबी तांब्या उपडा घालायची. “झालं म्हटलं ना? पळ!” मग पोरगी पळायची.

गावच्या मुल्लाजींनी एकदा तिला हटकलंही. किताबात असं ‘झालं’ म्हणायचं कुठं लिहिलेलं नाही, म्हणाले. त्यावर दौलतबी म्हणाली, “किताबात नसेल मुल्लाजी. पण मनाला तोंडानं सांगावं लागतं, नाहीतर ते कुरकुरत बसतं.” मुल्लाजी हसले आणि आपल्या वाटेनं गेले. भला माणूस होता, असं सांगतात.

पुढं लाडले मणेर वारला. दौलतबीनं रिवाजाप्रमाणे हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवल्या. उजव्या मनगटात मात्र एक लाखेची होती, तांबडी, वर पिवळ्या टिकल्यांची. निकाहाच्या दिवशी नवऱ्यानं स्वतः सांधलेली. ती तिनं ठेवली. दौलतबीला बोलायची छाती कुणाची होती? वय वाढलं तसं मनगट भरलं आणि बांगडी रुतली. जैबूचं तोवर लग्न झालं होतं, गावातच दिली होती, आणि आईच्या हाताखाली तिनं गुसलचं काम शिकून घेतलं होतं. दौलतबी तिला सांगायची, “माझ्या वेळी ही निघायची नाही हां. दगड घे आणि फोड. खाली पाणी जायला हवं, विसरू नकोस.” एकदा नाही, दहादा सांगितलं. जैबू म्हणायची, “काय गं अम्मा, सकाळी सकाळी हे काय काढलंस!”

आणि उन्हाळ्याच्या तोंडाला दौलतबी गेली. सकाळी गेली, दुपारच्या नमाजानंतर माती द्यायची ठरलं. उन्हाचे दिवस, मय्यत ठेवून चालणार नव्हतं. इथंच, या न्हाणीला पडदे लावले, फळी मांडली, बोरीचा पाला उकळला. जैबूनं बाह्या वर सारल्या आणि कामाला लागली.  मग ती उजव्या मनगटापाशी आली.

तेल लावून बघितलं. बांगडी हलेना. दगड शेजारी होताच, दौलतबीनंच तो कधीचा निवडून ठेवला होता म्हणे. जैबूनं तो उचलला, आणि हात खाली येईना. बापानं सांधलेली, बाप गेल्यावर आईनं जपलेली. ही फोडली की बापही गेला आणि आईही गेली, असं तिला वाटलं. पडद्यापलीकडून बायका म्हणत होत्या, “आटप गं जैबू. माणसं खोळंबलीत.” खैरुनबी म्हणून शेजारीण होती, जैबू तिला खाला, म्हणजे मावशी म्हणायची, ती बाहेरून तांब्या भरून देत होती. तीही म्हणाली, “आटप गं बाई, ऊन किती चढलंय!” वाईट मनानं नाही हां म्हणाल्या. आपण सगळेच म्हणतो. जैबूनं दगड खाली ठेवला. डोळ्यांत पाणी भरलेलं, समोरचं काही दिसत नव्हतं. तसंच मनगटावरून पाणी सोडलं, वर कापड ओढलं आणि पुढं सरकली. शेवटचा तांब्या रिता झाला तेव्हा तो उपडा घालायचंही तिला सुचलं नाही, आणि तोंडातून शब्दही फुटला नाही. कफन चढलं, जनाजा उठला, माती झाली. बांगडीचं तिच्याखेरीज कुणाला कळलं नाही.

मय्यतीला गुसल दिलं की देणाऱ्यानं नंतर स्वतःही न्हावं, असा रिवाज आहे. जैबू न्हायला बसली. एक डोक्यावर, एक उजवीकडे, एक डावीकडे. आणि बघते तर उजव्या मनगटाभोवती बोटभर रुंदीचा पट्टा कोरडा! अळवाच्या पानावरून जावं तसं पाणी त्यावरून निघून जात होतं. तिनं चोळलं, पुन्हा ओतलं. कोरडाच. आता तो खरंच कोरडा होता की तिला तसा दिसत होता? जुनी माणसं सांगतात, खरंच होता. मी काही बघितला नाही, पण नाही म्हणणारा मी कोण?

त्या दिवशी सात तांबे गेले. दुसऱ्या दिवशी वीस. मग मोजायचं तिनं सोडून दिलं.

तेव्हापासून तिच्या जिवाला थारा नाही. तव्यावर भाकरी टाकायची आणि तशीच टाक्याकडं पळायची. नवरा घरी यायचा तर भाकरीचा कोळसा, चूल विझलेली आणि बायको दारात ओल्या लुगड्यानं उभी, मनगट उन्हाकडं धरून बघतेय. रस्त्यानं जाताना थांबायची, पदराखाली मनगट चाचपायची. नमाजाला उभी राहायची, मधेच वाटायचं आपण पाकच नाही, नमाज सोडून पुन्हा न्हायला जायची. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. आई तिकडं अल्लासमोर उभी आहे, आयुष्यभर गावाच्या बायकांना पाक करून पाठवणारी बाई, आणि तिचंच मनगट कोरडं. कबर काही उघडता येत नाही. मग आपलं मनगट ज्या दिवशी भिजेल त्या दिवशी आईचंही भिजलं असं धरायचं, एवढा एकच आधार तिनं मनाशी बांधून ठेवला होता.

एकदा ती मुल्लाजींकडं गेली. स्वतःचं नाव न घेता विचारलं, “एखाद्या बाईच्या हातात घट्ट बांगडी राहून गेली तर?”

“हलवून बघायची,” मुल्लाजी म्हणाले. “नाहीच निघाली, तर अल्ला काय आपल्याला अडवायला बसलाय का?”

जैबू उठली. उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. “आणि दगड शेजारीच असला तर?”

मुल्लाजींनी तिच्या सोललेल्या मनगटाकडं बघितलं. सगळं नाही, पण बरंच त्यांना कळलं. म्हणाले, “बेटी, याला वस्वसा म्हणतात. सैतानाला एखाद्याकडून गुन्हा करवून घेता आला नाही की तो त्याला पाण्यानं छळतो. नदीच्या काठी बसलं तरी पाणी उधळू नये, असं आपल्याला सांगितलेलं आहे. घरी जा. आज न्हाऊ नकोस.” जैबू म्हणाली, बरं. आणि घरी गेली, पण टाक्यावरून गेली. काय करणार! तिचे पाय तिचं ऐकत नव्हते.

त्यात ते साल वाईट निघालं. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. टाक्याचं पाणी रोज वीतभर खाली. गावानं ठरवलं, प्यायचं पाणी कोसभरावरच्या ओढ्यात झरा खणून आणायचं, घरटी एक घागर, आणि टाक्यातलं अडीनडीला राखायचं. सगळ्यांनी पाळलं. जैबूनं नाही पाळलं. तिला पाळायचं होतं हो, पण मनगट पाळू देत नव्हतं.

खैरुनबीनं तिला एका दुपारी न्हाणीत पकडलं. अशी तोंडाळ बाई, पण गावाचं वाईट व्हावं असं कधी न वाटणारी. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अगं ए जैबू! तुझ्या एका मनगटापायी गावानं तहानेनं मरायचं का?”

“खाला, इथं राहिलंय. दिसत नाही का तुम्हाला?” जैबूनं हात पुढं केला.

खैरुनबीनं डोळे बारीक करून बघितलं. “मला तर कातडं सोललेलं दिसतंय! आटप आता, आणि घरी जा.”

तो शब्द ऐकला आणि जैबू पिसाळलीच. हातातला तांब्या तिनं दगडावर आपटला. “तुम्हीच म्हणालात आटप! तेव्हाही तुम्हीच म्हणालात!” खैरुनबीला काही कळलं नाही. कधी, कशाबद्दल, काही नाही. पोरगी आईच्या दुःखात खुळी झाली, असं म्हणून ती निघून गेली. दोघींचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं.

मुल्लाजींनी मग जैबूला बोलावून तयम्मुमचं सांगितलं. म्हणजे पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात मारायचे, चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे, की माणूस पाक. तेवढी सोय अल्लानं ठेवलेली आहे. जैबूनं टेकडीवरची चांगली माती शोधली, हात मारले, फिरवले. आणि म्हणे त्या पट्ट्यावर मातीसुद्धा बसेना. सगळा हात मातकट, मनगटाभोवती एक स्वच्छ कडं. तेव्हा मात्र ती घाबरली. पाण्यानं नाकारलं, मातीनंही नाकारलं, आता कुणाकडं जायचं?

श्रावणात गावात तापाची साथ आली, आणि त्यात खैरुनबी गेली. चार दिवसांत गेली, एवढी धडधाकट बाई. सकाळी तिची सून जैबूच्या दारात येऊन उभी राहिली.  बायकांना गुसल देणारी गावात दुसरी कोण होती? दौलतबीनं शिकवलं ते एकट्या जैबूला.

जैबू आत सरकली. “माझ्या हातून नको. माझं स्वतःचंच झालेलं नाही. मी दुसऱ्याचं काय करू?” सून रडायला लागली. मागून मुल्लाजी आले. ते दाराबाहेरूनच म्हणाले, “टाक्याच्या तळाला खळग्यात तीन तांबे पाणी उरलंय, मी बघून आलो. पाणी नसतं तर मय्यतीलाही मातीनं चाललं असतं. पण आहे ना? आहे तर ते तिचं आहे. तुला येतं, म्हणून ते तुझ्यावर आहे.” एवढं बोलून ते चालते झाले. समजावत बसले नाहीत, हे बरं केलं.

जैबू टाक्यात उतरली. एक तांब्या, दोन तांबे, तीन तांबे. खळगा रिता झाला, तळाचा दगड दिसायला लागला. ज्या बाईनं एकेका दुपारी चाळीस चाळीस तांबे ओतले, तिच्यापुढं आता तीन होते. सांडला तर गेला. अजून एक घाल म्हणायला जागा नाही. पडद्याआड फळीवर खैरुनबी. पहिल्या तांब्यात बोरीचा पाला कुस्करलेला, शेवटच्यात कापूर. जैबूनं नियत धरली. तांब्याची धार करंगळीएवढी बारीक धरली आणि ओलं फडकं फिरवत निघाली. एवढी जपून, एवढी धास्तावून, की दुसरं काही तिच्या ध्यानातच राहिलं नाही. पहिला तांब्या संपला, दुसरा संपत आला, आणि तिचा हात खैरुनबीच्या मनगटावर आला.

तिथं लाखेची बांगडी होती. तांबडी, पिवळ्या टिकल्यांची, घट्ट. गावातल्या अर्ध्या बायकांच्या हातात होती तशीच, जैबूच्याच बापानं सांधलेली.

या अल्ला! बांगडी आधी काढायची असते. सगळ्यात आधी. दागिना उतरवल्याशिवाय पाण्याला हातही लावायचा नसतो, हे दौलतबीनं तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आणि ती विसरली. पुन्हा तीच चूक, तेच मनगट, आणि पाणी एकच तांब्या.  पडद्याबाहेर बायका होत्या, पण त्या दिवशी कुणी ‘आटप’ म्हणालं नाही. म्हणणारी समोर गप पडली होती.

दगड तिथंच होता. आईनं निवडलेला तोच, तो न्हाणीतून कुणी हलवलाच नव्हता. जैबूनं उचलला. या वेळी तिनं हाताला विचारलंच नाही. बेतानं एक घाव घातला आणि बांगडी दोन तुकड्यांत सुटली.

खाली मनगट ओलं होतं.

तिनं बोट फिरवलं. वरून ओलं, खालून ओलं, सगळीकडून ओलं. आणि आतल्या बाजूला कातडीला बोरीच्या पाल्याचा एक हिरवा तुकडा चिकटलेला होता. मुगाच्या डाळीएवढा. पहिल्याच पाण्याबरोबर तो आत गेला होता. बांगडी एवढी रुतलेली, तरी पाणी आपलं आपण वाट काढून आत गेलं होतं, आणि पाला बरोबर घेऊन गेलं होतं.

 मग मन सुरू झालंच. ते का सोडतंय! म्हणायला लागलं, ही खैरुनबीची होती, अम्माची जास्त रुतलेली होती. इथं गेलं म्हणून तिथंही गेलं असेल कशावरून? अजून एक तांब्या... आणि तिथं जैबू थबकली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. कानामागं राहिलं, पाठीवर राहिलं, अजून एक घाल. आणि त्यावर आई काय करायची, तेही तिला आठवलं. आईनं तिच्या हट्टासाठी चौथा तांब्या आयुष्यात कधी घातला नव्हता. आणि आईच्या वेळी आपण तांब्या उपडा घातला नाही, तो शब्द म्हणालो नाही, हेही तिला तेव्हाच आठवलं. विसरलो म्हणून नव्हे. म्हटलं असतं तर आई गेली असती, म्हणून नाही म्हटलं. पाणी सगळीकडं पोचलं होतं. राहिला होता तो शब्द.

तिनं तिसरा तांब्या सावकाश सोडला, शेवटच्या थेंबापर्यंत. तो जमिनीवर उपडा घातला. आणि पडद्याबाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “झालं, खाला. तुमचं झालं.”

जनाजा उठला. बायका घरोघरी गेल्या. जैबू एकटी टाक्यापाशी राहिली. बांगडीचे दोन तुकडे पदरात बांधलेले. तिनं टाक्याच्या तोंडाशी वाकून आत बघितलं. पाणी नाही, नुसता दगड. आणि तिनं आत विचारलं, लहानपणी विचारायची तसं, हळूच. “अम्मा... झालं?”

आणि आतून उत्तर आलं, “झालं.”

जैबू तिथंच खाली बसली आणि रडली. आई गेल्याला पाच महिने झाले होते, ती त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं रडली, असं सांगतात. रडता रडता तिला आतून पाण्याचा आवाज आला. उतरून बघते तर खळगा भरलेला. तीन तांबे, एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. गुसल देणाऱ्यानं नंतर न्हावं असा रिवाज, ते तिचं राहिलंच होतं. एक डोक्यावर, एक उजवीकडे, एक डावीकडे. तांब्या उपडा. झालं.

लोक मला विचारतात, चाचा, मग तो पट्टा भिजला का? अहो, तिनं मनगटाकडं बघितलंच नाही, तर मी काय सांगू! घरी गेली आणि तव्यावर भाकरी टाकली. ती करपली नाही, एवढं मात्र गाव सांगतं.

आजही काळखडीत तेच चालतं. आमच्यातच नाही, मराठ्यांच्या, धनगरांच्या घरातसुद्धा पोराला न्हाऊ घातलं की आई तांब्या उपडा घालते आणि ‘झालं’ म्हणते. इथं येऊन आत वाकून ‘झालं?’ विचारलं की आजही आतून ‘झालं’ येतं. मास्तर म्हणतात, तो टाक्याच्या आकारामुळं येणारा प्रतिध्वनी आहे. असेल की. पण आपण प्रश्न पाठवतो आणि तो उत्तर होऊन येतो, ते कशामुळं, हे मास्तरांना अजून सांगता आलेलं नाही.

आणि आजही मय्यतीला गुसल दिलं की शेवटचा शब्द घरच्या माणसाचा असतो. गेलेल्याचं जे सगळ्यात जवळचं, त्यानं तांब्या उपडा घालायचा आणि म्हणायचं. ते म्हणेपर्यंत कफन चढत नाही, जनाजा उठत नाही, आणि कुणी ‘आटप’ म्हणत नाही. कुणाला घटकाभर वेळ लागतो, कुणाला जास्त. मागच्या वैशाखात माझ्या थोरल्या लेकीला लागला. आईसाठी. सकाळी न्हाणीत गेली होती, दुपारची नमाज झाली तरी पडद्याआडून आवाज नाही. सगळा गाव उन्हात बसलेला. आमचे मुल्लाजी इथं होते, तुम्ही बसलाय ना, अगदी तिथंच. माणसं घामानं निथळत होती, पण एकजण हलला नाही. माझ्या ओठांवर दोनदा आलं, आटप पोरी, तुझ्या आईला ऊन सोसायचं नाही. पागोट्याचं टोक तोंडात धरून बसलो. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाच्या सुमाराला आतून तांब्या दगडावर वाजला.

जा आता, आत वाकून विचारा तुमचं काय असेल ते. सावकाश जा, पायरीवर शेवाळ आहे. गाडी थांबेल.